एका वायफायवरचं घर

डेव्हन ॲव्हेन्यूवर ऑक्टोबरातला पाऊस पडत होता. शिकागोचा पाऊस काही सरळ पडत नाही. वारा नेईल तिकडे पडतो, त्यामुळे छत्री असून नसल्यासारखीच. अशा पावसात नेत्रा फूटपाथच्या कडेला, बसस्टॉपसमोर फोन उगारून उभी होती. तिला बस नको होती. तिला स्टॉपच्या काचेतली जाहिरात हवी होती, आणि त्या जाहिरातीला नेमका एक उंच मुलगा टेकून उभा होता.

जाहिरात परदेशी फोन करायच्या कुठल्याशा प्लॅनची होती. साडी नेसलेली एक आई, हातात फोन, डोळ्यांत बेताचं पाणी, आणि खाली इंग्रजीत प्रश्न – आज आईला फोन केलात का? मुलाच्या डोक्यामुळे आईचा चेहरा पार झाकला गेला होता.

“एक्सक्यूज मी,” नेत्रा म्हणाली. मुलाच्या कानात इअरफोन. तो आपला रस्त्याकडे बघतोय.

“सरक की रे बाबा जरा, आईच्या तोंडावर टेकलायस,” ती स्वतःशीच पुटपुटली.

मुलाने शांतपणे एक इअरफोन काढला. “सरकतो ना. पण सरकलो तर भिजतो. आईला चालेल का, तेवढं विचारून घ्या.”

डेव्हनवर गुजराती ऐकू येतं, उर्दू ऐकू येतं, तेलुगू ऐकू येतं. मराठी मात्र नेमकं तेव्हाच समोर येऊन उभं राहतं, जेव्हा आपण कुणाला तरी नावं ठेवत असतो. नेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सॉरी... मला फोटो हवाय फक्त. अभ्यासासाठी.”

“आईचा?”

“जाहिरातीचा.”

तो सरकला. भिजला. वर तिची उलटी होऊ पाहणारी छत्रीही त्याने तिच्या हातातून काढून घेतली आणि तिच्याच डोक्यावर धरली, म्हणजे तिला दोन्ही हातांनी फोन धरता येईल. आता कुणी असं न मागता काही केलं, की नेत्राची जीभ सैल सुटते. ती तिची जुनी खोड आहे.

“थँक्स हं. ही जाहिरात ज्याने इथे लावली ना, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. घरची आठवण येणारी माणसं कुठल्या स्टॉपवर उभी असतात ते शोधून काढतात मेले, आणि बरोब्बर तिथेच आई आणून उभी करतात.”

मुलाने घसा खाकरला. “भेटला.”

“काय?”

“तो माणूस. भेटला तुम्हाला. चित्र दुसऱ्यांनी काढलं, पण कुठे लावायचं... ते मी ठरवतो. म्हणजे, माझा प्रोग्रॅम ठरवतो.”

तेवढ्यात बस आली, थांबली आणि निघून गेली. तिला बस नकोच होती. त्याला हवी होती, तरी तो तिची छत्री धरून तिथेच उभा राहिला.

त्याचं नाव सत्यजित. नागपूरचा, इंजिनिअर, नदीकाठच्या एका उंच इमारतीत नोकरीला. कुणाला कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवणारे प्रोग्रॅम लिहिणं हे त्याचं काम. आणि नेत्रा साताऱ्याची, पीएचडी करणारी. तिचा विषय ऐकून साताऱ्याची आत्या म्हणाली होती, “म्हणजे एवढं अमेरिकेला जाऊन चित्रांची पुस्तकं वाचतेस होय?” आत्याचं अगदीच काही चुकलं नव्हतं. जाहिरातींनी अमेरिकन माणसांचं काय करून ठेवलंय, हे तिथल्या ग्राफिक नॉव्हेल्समध्ये कसं दिसतं – हा नेत्राचा विषय.

“म्हणजे कॉमिक्स,” सत्यजित म्हणाला.

“कॉमिक्स म्हणालास तर पुन्हा बोलणार नाही मी.”

“बरं, नाही म्हणत. म्हणजे पुन्हा बोलणार आहेस, हे ठरलं का?”

इतक्या सहज ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, की ते कधी झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

ठरलं ते असं. नेत्राला जाहिरातीच्या धंद्याच्या आतलं कुणीतरी हवंच होतं, सगळं सोपं करून सांगणारं. सत्यजितला शनिवारी काही काम नव्हतं, असं तो म्हणाला. मग दर शनिवारी दुपारी तो नेत्राच्या घरी येऊ लागला. घर म्हणजे शोभनाकाकूंचं. साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर काकूंचा फ्लॅट, त्यातली मागची खोली नेत्राची. काकू लग्न होऊन इथे आल्या त्याला जन्म लोटला. काका गेले, मुलगी अबोली कॅलिफोर्नियात, आणि काकू एकट्या. शनिवारी घरात माणूस येतं म्हटल्यावर त्या पोहे करायच्या, आणि पोहे देऊन झाले की आपला टॅब घेऊन मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. फार समजूतदार बाई.

पहिल्याच शनिवारी नेत्राने त्याच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. ओहायोमधल्या एका गावाची गोष्ट, तीन पिढ्यांची. तो पोहे खात खात वाचत बसला आणि संपल्यावर डोळे पुसले.

“काय दिसलं?” तिने विचारलं.

“आजा कष्ट करतो, बाप दारू पितो, पोरगी पळून जाते. छान आहे यार. रडू आलं थोडं.”

“आणि मागे?”

“मागे काय?”

“माणसांच्या मागे. खिडकीबाहेर बघ.”

तो पुन्हा पहिल्या पानावर गेला. खिडकीबाहेर, हायवेच्या कडेला, एक मोठी पाटी होती. आजोबांच्या तरुणपणी तिच्यावर साबण होता. बापाच्या लग्नात मोटार होती. कारखाना बंद पडला त्या पानावर कर्ज होतं, आणि पोरगी पळाली त्या पानावर झोपेच्या गोळ्या. माणसं पुढे भांडत होती, रडत होती, आणि ती पुढे काय मागणार हे पाटीवर आधीच लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावर पाटी कोरी. ‘येथे जाहिरातीसाठी जागा मिळेल.’ गावात विकत घेणारंच कुणी उरलं नव्हतं.

सत्यजितने पुस्तक हळूच मिटलं. मग म्हणाला, “आम्ही हेच करून राहिलो ना?”

नागपूरचा माणूस हळवा झाला, की ‘करून राहिलो’वर येतो, हे नेत्राला त्या दिवशी कळलं. आणि ते तिला फार आवडलं, हेही त्याच दिवशी कळलं. तिने घाईघाईने चहा टाकला.

थंडी वाढली. खाली डेव्हनवर गाड्या बर्फाखाली गाडल्या जाऊ लागल्या, खिडकीच्या काचा धुरकटल्या, आणि शनिवारची दुपार संध्याकाळपर्यंत लांबायला लागली. दुसऱ्या एका पुस्तकात एक मुलगी होती. लहानपणापासून टीव्ही बघून बघून तिच्या तोंडात जाहिरातींचीच वाक्यं बसलेली. बोलायला जाते, तर बोलण्याच्या फुग्यात साबणाची ओळ, गाडीची ओळ, विम्याची ओळ. तिला एक मुलगा आवडतो, आणि त्याला सांगायचं, तर प्रेमाचे सगळे शब्द आधीच कुणी ना कुणी घड्याळं आणि गाद्या विकायला वापरून टाकलेले.

“मग शेवटी सांगते कसं?” सत्यजितने विचारलं.

“शेवटच्या पानावर दोघं समोरासमोर आहेत, आणि तिचा फुगा कोरा आहे.”

“म्हणजे सांगितलं तिने.”

“कोरा आहे म्हटलं ना. म्हणजे नाही सांगितलं.”

“तसं नाहीये. सांगितलं, पण फक्त त्याला ऐकू आलं. आपल्याला कशाला ऐकू यायला हवं?”

हे बोलताना तो पुस्तकाकडे बघत नव्हता. नेत्राने पान उलटलं... आणि उलटल्यावर लक्षात आलं, की ते शेवटचंच पान होतं.

जानेवारीत एकदा तिने तक्रार केली. “माझ्या फोनवर दाढीच्या तेलाची जाहिरात येतेय. मला कुठे दाढी आहे?”

सत्यजित हसायला लागला. “ते माझं आहे. माझ्या फोनवर केसांचं कंडिशनर येतं, कुरळ्या केसांसाठी.”

“असं कसं?”

“एका वायफायवर वारंवार दिसणारे फोन म्हणजे आमच्या सिस्टीमच्या हिशोबाने एक घर. मग घरातल्या एकाने काही शोधलं, की सगळ्यांना दाखवायचं. एकाने पाळणा शोधला, की सगळ्यांना पाळणे.”

“पाळणाच बरा सुचला तुला.”

सत्यजितचे कान लाल झाले. “उदाहरण दिलं गं...”

“म्हणजे तुझ्या सिस्टीमला वाटतं, आपण एका घरात राहतो?”

“सिस्टीम कधी कधी जरा पुढचं बघते,” तो म्हणाला, आणि पोह्यांची रिकामी बशी उचलून स्वयंपाकघरात गेला. ती बशी त्याने इतका वेळ घासली, की काकूंनी आतून विचारलं, नळ चालू राहिलाय का म्हणून.

तेव्हापासून नेत्राला नवंच वेड लागलं. सोमवार ते शुक्रवार तो दिसायचा नाही, पण फोनवर त्याच्या जाहिराती यायच्या. बुटांची आली, की ती समजायची, ह्याचे बूट गळायला लागले वाटतं. क्रिकेटच्या बॅटची आली, की हसायची. एकदा खोकल्याच्या औषधाची आली, तर तिने ‘बरा आहेस ना?’ असा मेसेज लिहिला आणि पुसून टाकला. कसं कळलं म्हणून विचारलं, तर काय सांगणार? त्याऐवजी शनिवारी तिने आल्याचा चहा केला. तो म्हणाला, “आज एकदम स्पेशल?” ती म्हणाली, “थंडी आहे ना.”

आणि ही बाई म्हणे जाहिरातींवर पीएचडी करतेय! प्रबंधात लिहायची, की जाहिरातींनी अमेरिकन माणसाची इच्छासुद्धा त्याची स्वतःची ठेवली नाही. आणि इकडे सकाळी डोळे उघडले, की पहिली जाहिरात कसली दिसते म्हणून फोन शोधायची. प्रेमात पडलेल्या माणसाला अक्कल शिकवायला जाऊ नये म्हणतात, ते काही उगाच नाही.

फेब्रुवारीत, एका बर्फाळ मंगळवारी, फोनवर नवीन जाहिरात आली. ‘सांता क्लारा, कॅलिफोर्निया. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, भरपूर ऊन.’ नेत्राने ती सरकवून टाकली. बुधवारी पुन्हा आली. गुरुवारी सामान हलवणाऱ्या ट्रकची आली. मग रोज. सांता क्लाराची घरं, सांता क्लाराला जायची विमानं, सांता क्लारात आवडतील असे पडदे.

सांता क्लारा म्हणजे इंजिनिअरांचं गाव. इथला प्रत्येक दुसरा मुलगा कधी ना कधी तिकडे जातोच. नेत्राला कुणी सांगायची गरज नव्हती. सत्यजित चालला होता.

आणि दोन बेडरूम? एकट्या माणसाला दोन बेडरूम कशाला लागतात? हा प्रश्न तिला बस चुकवायला लावायचा, भात लागू द्यायचा.

ती वाट बघू लागली. आज सांगेल, या शनिवारी सांगेल. पण सत्यजित सांगेना. उलट तोच गप्प गप्प झाला. पूर्वी थट्टा करायचा, ती थांबली. पुस्तक समोर असायचं आणि नजर नेत्रावर. आणि ती नजरसुद्धा अशी, की जणू तिनेच काहीतरी सांगायचं बाकी आहे. नेत्राने बघितलं की तो चटकन मान खाली घालायचा. एकदा म्हणाला, “पुढचं काही ठरलं का तुझं? इथेच आहेस ना?” ती म्हणाली, “माझं काय ठरायचंय? तुझं?” तो म्हणाला, “माझं काय.” झालं. एवढंच. दोघांनी चहा संपवला आणि तो गेला.

विचारावं सरळ, असं तिला दहा वेळा वाटलं. पण विचारलं आणि तो ‘हो, चाललोय’ म्हणाला तर? मग शनिवारही गेले. न विचारता निदान पुढचा शनिवार तरी हातात होता. शिवाय, ती त्याची होती कोण? एका वायफायवरची ओळख, एवढंच तर नातं होतं.

रात्री तिला झोप लागत नसे, आणि दिवसा पुस्तकांत मन लागत नसे. डिसेंबरमध्ये तिच्या गाईडबाईंनी एका फेलोशिपबद्दल सांगितलं होतं: सांता क्लाराजवळच्या एका छोट्या संग्रहालयात, जुन्या छापील जाहिराती आणि कॉमिक्सच्या कपाटांमध्ये वर्षभर काम. तेव्हा नेत्रा नको म्हणाली होती. तिने बाईंना सांगितलं होतं की प्रबंध इथेच नीट होतोय. खरं कारण शनिवार होते. आता एप्रिलमध्ये ती स्वतःहून बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. जागा अजून रिकामी होती. बाईंनी तिच्यासाठी तिकडे शब्द टाकला, आणि नेत्राने सही केली.

तिच्या मनातले मांडे असे: तो जाईल, मग आपणही पोचू. एखाद्या दुपारी भाजीच्या दुकानात सहज समोर यावं, ‘अरे, तू इथे?’ म्हणावं. तेवढं झालं तरी पुष्कळ. तो आहे त्या गावात आपण असावं, दुसरं तिला काही नको होतं.

मेमधल्या एका शनिवारी काकू देवळात गेल्या होत्या. नेत्राने पोहे केले. मीठ जास्त झालं. सत्यजित न बोलता खात होता.

“मी सांता क्लाराला चाललेय,” ती म्हणाली. “या महिन्याच्या शेवटी. वर्षभरासाठी.”

आता तो चमचा खाली ठेवेल. आता हसेल आणि म्हणेल, मीपण.

सत्यजितने चमचा खाली ठेवला. “माहीत होतं मला,” तो म्हणाला.

“कसं?”

“फोनवर दिसत होतं.”

बरोबर आहे, गेले काही दिवस तीही तिकडच्या खोल्या बघत होती. ती थांबली. तो काही तरी पुढे बोलेल म्हणून टेबलाची कड धरून थांबली.

“छान आहे तिकडे,” सत्यजित म्हणाला. “हवा चांगली असते म्हणतात. बर्फ नाही.”

“हो ना,” नेत्रा म्हणाली.

तो लवकर गेला. जाताना दारात क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला... आणि उतरून गेला. नेत्राने दार लावलं आणि दाराला टेकून तिथेच खाली बसली. तो तिथे चालला होता, ती तिथे येणार होती, आणि तरी त्याच्या तोंडून ‘मीपण’ निघालं नाही. म्हणजे ती तिथे यायला त्याला नको होती. याहून स्पष्ट कुणी काय सांगतं? तिला रडू आलं, आणि घरात कुणी नव्हतं म्हणून ती मनसोक्त रडली.

सोमवारी सकाळी तिने शोभनाकाकूंना खोली सोडणार असल्याचं सांगितलं. सांता क्लारा म्हटल्याबरोबर काकूंनी कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागल्या.

“अगं, मी महिनोन् महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय, की या पोरीला कसं सांगू! अबोली फेब्रुवारीपासून मागे लागलीय, आता एकटी राहू नकोस म्हणून. मी रोज दुपारी टॅबवर तिकडची घरं बघत बसते. तिच्या गल्लीतच हवं, दोन बेडरूमचं, म्हणजे कुणी आलं-गेलं तर सोय. पडदेसुद्धा बघून ठेवलेत. तुला आधीपासून घोर कशाला लावायचा, म्हणून बोलले नाही.”

नेत्रा हातात कप धरून उभीच राहिली. “काकू... घरं तुम्ही बघत होतात?”

“मग कोण बघणार?”

“आणि खोकल्याचं औषध?”

“तेही मीच. आहेच की मला दर हिवाळ्यात. पण तुझा चेहरा का असा पांढरा पडलाय?”

नेत्राने मग अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. एका वायफायवरचे फोन म्हणजे एक घर, हे त्या दोघांनी मिटक्या मारत एकमेकांना ऐकवलं होतं, आणि त्या घरात तिसरं माणूस राहतं, ज्याच्या पैशाने ते वायफाय चालतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“काखेत कळसा अन् गावाला वळसा,” त्या म्हणाल्या. “आता इथे काय बसलीयेस? जा की त्याच्याकडे.”

दुपारी ती त्याच्या ऑफिसखाली पोचली. नदीवर ऊन पडलं होतं, जेवायला बाहेर पडलेली माणसं कठड्यावर बसून सॅलड खात होती. इमारतीच्या काचेच्या दालनात भिंतभर मोठा स्क्रीन होता आणि त्यावर एकामागून एक जाहिराती सरकत होत्या. सत्यजित लिफ्टमधून बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र, दाढी वाढलेली, शनिवारपासून झोपला नसावा असा.

“काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?”

“तू सांता क्लाराला जाणार आहेस का?” तिने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“मी? मी कशाला जाऊ? तू चाललीयेस.”

“तू जाणार म्हणून मी चाललेय.”

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

“फेब्रुवारीपासून माझ्या फोनवर सांता क्लाराची घरं येत होती. मला वाटलं, तू बघतोयस. तू काही बोलेनास. मला तुझ्याशिवाय इथे राहायचं नव्हतं, म्हणून मी फेलोशिपला हो म्हटलं. आणि आज कळलं, ती घरं काकू बघत होत्या.”

“काकू...” सत्यजितला बसावंसं वाटलं, म्हणून तो तिथल्या कुंडीच्या कडेवर बसला. “माझ्याही फोनवर येत होती. तीच. फेब्रुवारीपासून. मला वाटलं, तू चालली. वाटलं, हिचं शिक्षण आहे, हिचं पुढचं आयुष्य आहे, आपण कोण थांब म्हणणारे. रोज वाटायचं, आता सांगेल. मग शनिवारी सांगितलंस... आणि मी हवेचं कौतुक केलं.”

“केलंस. आणि मी दाराला टेकून रडले.”

“मी ट्रेनमध्ये. एका आजीबाईंनी मला टिश्यू दिला.”

तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. तो उठून उभा राहिला, अगदी जवळ, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

“मला तू आवडतोस,” नेत्रा म्हणाली. “हिवाळ्यातच सांगायला हवं होतं. मला भीती वाटली.”

“मला ऑक्टोबरपासून. तू शिव्या देत होतीस, तेव्हापासून.” त्याने तिचा हात धरला, त्याचा हात गार पडला होता. “नको जाऊस. कॅन्सल कर ना.”

“नाही करता येत. सही झालीय. गाईडबाईंनी माझ्यासाठी शब्द टाकलाय.” आणि मग, खरं तेच सांगायचं असं आज तिने ठरवलंच होतं म्हणून, “आणि काम चांगलं आहे, सत्यजित. मला ते करावंसंही वाटतंय. फक्त तू तिथे असणार, असं धरून चालले होते.”

ज्या वसंतात त्यांनी रोज भेटायला हवं होतं, तो सगळा एकमेकांच्या फोनकडे बघण्यात गेला होता, आणि आता महिना संपत आला होता. दोघांनाही ते कळत होतं. बाहेर नदीवरून एक बोट गेली, तिच्यावरच्या लोकांनी उगाचच हात हलवला.

“एक विचारू?” नेत्रा म्हणाली. “सरळच विचारते.”

“विचार.”

“येशील तिकडे? माझ्यासाठी?”

“येईन.”

“कधी?”

“लगेच नाही जमणार. बदली मागावी लागेल, व्हिसाचे कागद बदलावे लागतील. ते लोक वेळ लावतात. दिवाळी होईल, कदाचित नाताळही. खोटं नाही सांगत तुला.”

“मी वाट बघेन,” ती म्हणाली. शब्द नीट बाहेर पडले, आणि ते त्याला ऐकू गेले.

“तू थांब इथेच,” सत्यजित म्हणाला. “बॅग घेऊन येतो. आज सोमवार असला तर असू दे.”

तो लिफ्टकडे पळाला. भिंतीवरच्या स्क्रीनवर कुणाचं तरी घर, कुणाची तरी गाडी, कुणाचं तरी हसू सरकत होतं. नेत्रा तिकडे पाठ करून उभी राहिली, आणि तो खाली येईपर्यंत लिफ्टच्या बंद दारावरून तिने नजर हलवली नाही.